लिफ्टची तपासणी आणि अप्रमादाचे व्रत

रुग्णालयाच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचरवर निजलेल्या रुग्णाच्या हाती काहीच नसते. दार कोणी लावले, बटण कोणी दाबले, लिफ्ट मजल्याशी नीट समपातळीत थांबली की चार बोटे खाली राहिली, हे त्याला दिसतही नाही. धडधाकट माणसाला लिफ्टविषयी शंका आली तर तो जिन्याने जातो. शस्त्रक्रियेनंतर भूल पुरती न उतरलेल्या स्त्रीला, ऑक्सिजनची नळी लावलेल्या वृद्धाला, काचपेटीत ठेवलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बालकाला तो मार्ग मोकळा नसतो. आपला जीव त्यांनी एका यंत्राच्या स्वाधीन केलेला असतो, आणि ते यंत्र तपासून ‘ठीक आहे’ अशी सही करणाऱ्या एका अनोळखी माणसाच्याही.

2017 च्या ऑगस्ट महिन्यात स्पेनमधील सेव्हिल शहरातल्या एका सरकारी रुग्णालयात नुकतीच प्रसूत झालेली एक माता स्ट्रेचरवरून नेली जात होती. स्ट्रेचर पुरते पार होण्याआधीच लिफ्ट हलली. माता दगावली, तिच्याजवळ असलेली नवजात मुलगी बचावली. ती बातमी वाचताना कोणाच्याही मनात जे प्रश्न आले असतील, तेच या लेखाचे प्रश्न आहेत. रुग्णालयाची लिफ्ट कोण तपासतो? केव्हा तपासतो? त्याला ते काम कोणत्या कराराने मिळते, आणि त्या करारात प्रामाणिकपणाला किती जागा असते?

विषय रुक्ष वाटेल. निविदा, दरपत्रक, प्रमाणपत्र हे शब्द धर्मचर्चेच्या पानाशेजारी शोभणारे नाहीत, असेही कोणी म्हणेल. परंतु आपल्या समाजातील अनेक जण रुग्णालयांचे विश्वस्त आहेत, कित्येक जण सरकारी कामांचे ठेकेदार आहेत, अभियंते आहेत. आणि आपण सगळेच कधी ना कधी त्या स्ट्रेचरवरचे रुग्ण किंवा त्याच्या उशाशी उभे असलेले नातेवाईक आहोत.

दोर तुटण्याची भीती आणि खरा धोका

लिफ्ट म्हटले की दोर तुटून ती कोसळण्याची भीती आपल्याला वाटते. त्या भीतीवरचा उपाय फार जुना आहे. 1854 साली न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस हे स्वतः एका फलाटावर उभे राहिले आणि लोकांसमोर त्याचा दोर तोडून दाखवला. फलाट थोडासा खचला आणि जागीच अडकून राहिला. त्यानंतर तीन वर्षांनी, 1857 मध्ये, त्याच शहरातील एका दुकानाच्या इमारतीत माणसांसाठीची लिफ्ट सुरू झाली. साक्षीदारांच्या देखत यंत्राची परीक्षा झाली, मग लोकांचा विश्वास बसला, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आजची लिफ्ट एकाऐवजी अनेक पोलादी दोरांवर लटकते. वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की गव्हर्नर नावाचे साधन सेफ्टी गिअरला चालना देते आणि लिफ्टची केबिन मार्गदर्शक रुळांना घट्ट पकडून थांबते. तळाशी बफर असतात. त्यामुळे केबिन कोसळणे ही दुर्मिळ गोष्ट आहे.

धोका अधिक साध्या जागी दडलेला असतो. पहिली जागा म्हणजे दार. प्रत्येक मजल्याच्या दाराला इंटरलॉक असते. केबिन समोर नसेल तर दार उघडू नये आणि दार उघडे असेल तर केबिन हलू नये, एवढेच त्याचे काम. ते झिजले की दार उघडते आणि पलीकडे केबिनऐवजी अंधारा खड्डा असतो. कधी तंत्रज्ञ बिघाड शोधण्यासाठी तारेचा एक तुकडा जोडून दाराचे सर्किट तात्पुरते वगळतो. काम संपल्यावर तो तुकडा काढायचा राहिला, तर लिफ्ट उघड्या दारानिशी चालू लागते. स्ट्रेचर उंबरठ्यावर असताना याहून भयंकर दुसरे काही नाही.

दुसरी जागा म्हणजे ब्रेक. लिफ्टच्या केबिनला तोलून धरण्यासाठी दोराच्या दुसऱ्या टोकाला प्रतिभार, म्हणजे काउंटरवेट, लावलेला असतो. त्याचे वजन रिकाम्या केबिनचे वजन अधिक तिच्या क्षमतेच्या सुमारे 40 ते 50 टक्के इतके असते. म्हणून ब्रेक निकामी झाला आणि केबिनमध्ये माणसे थोडी असली, तर केबिन खाली न येता वर जाते. रुग्णालयात एक रुग्ण, एक परिचारिका आणि एक मदतनीस असा हलका भार नेहमीचाच असतो. पडण्याची भीती बाळगणाऱ्या आपल्याला वर ओढले जाण्याचा धोका सुचतही नाही.

तिसरी गोष्ट वजनाची. भारतीय मानकांत एका प्रवाशाचे वजन दीर्घकाळ 68 किलो धरले गेले. म्हणून 15 माणसांच्या लिफ्टवर 1020 किलो आणि 20 माणसांच्या लिफ्टवर 1360 किलो असे आकडे आपण वाचतो. पलंग, सिलिंडर, यंत्रे आणि धास्तावलेले नातेवाईक एकदम आत शिरले की हा हिशेब कोण करतो? तो करण्यासाठी अतिभाराची सूचना देणारे साधन असते, आणि ते खरोखर चालते की नाही हे तपासावे लागते.

या गोष्टी बाहेरून दिसत नाहीत. केबिनचा आरसा चकचकीत असतो, पंखा फिरत असतो, आणि वर यंत्रखोलीत ब्रेकचे अस्तर झिजून गेलेले असते. तपासणी म्हणजे यंत्रखोलीत चढणे, केबिनच्या छतावर उभे राहणे, खड्ड्यात उतरणे, मोजणे आणि मोजलेले लिहून ठेवणे.

तीन माणसे, तीन कर्तव्ये

आपल्या राज्यात लिफ्टवर कायद्याची नजर नवी नाही. मुंबई लिफ्ट कायदा 1939 चा. पुढे 2017 मध्ये विधिमंडळाने लिफ्टबरोबर सरकते जिने आणि सरकते मार्ग यांनाही कक्षेत घेणारा नवा कायदा केला. लिफ्ट उभारण्यास परवानगी, चालवण्यास परवाना, अपघाताची खबर देण्याचे बंधन आणि निरीक्षकाला प्रवेशाचा अधिकार ही या व्यवस्थेची मुख्य अंगे होत. शासकीय रुग्णालयांतील लिफ्टची देखभाल सामान्यतः सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेमार्फत होते आणि ती शाखा निविदा काढून खाजगी कंपनीला वार्षिक देखभालीचे काम देते.

अशा व्यवस्थेत तीन भूमिका वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. लिफ्टचा मालक, म्हणजे रुग्णालय किंवा शासन. लिफ्ट दुरुस्त ठेवणारा, म्हणजे देखभालीचा ठेकेदार. आणि ती सुरक्षित आहे की नाही हे सांगणारा, म्हणजे तपासनीस. यांतील दुसरा आणि तिसरा एकच झाला की परीक्षार्थीच परीक्षक होतो.

देखभालीच्या करारांचे दोन प्रकार असतात. एकात सुट्या भागांचा खर्च ठेकेदाराच्या माथी असतो. दुसऱ्यात तो मालकाला वेगळा द्यावा लागतो. पहिल्या प्रकारात झिजलेला भाग ‘अजून चालेल’ म्हणण्यात ठेकेदाराचा पैसा वाचतो. दुसऱ्या प्रकारात ठेकेदार भाग बदला म्हणून पत्र देतो, मंजुरीची फाइल टेबलामागून टेबल फिरते, आणि तोपर्यंत रुग्ण त्याच लिफ्टने जात राहतात. यात कोणी दुष्ट असावाच लागतो असे नाही. प्रत्येक जण आपापली सोय पाहतो आणि झीज वाढत जाते. म्हणूनच ज्याला भाग बदलण्यात लाभ नाही आणि न बदलण्यातही लाभ नाही, अशा त्रयस्थाची नजर हवी.

सर्वांत कमी दराचा अर्थ

सरकारी निविदेत साधारणपणे दोन लिफाफे असतात. पहिल्यात तांत्रिक पात्रता, दुसऱ्यात दर. पात्र ठरलेल्यांपैकी ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत ही शिस्त आवश्यक आहे. तिच्यामुळे वशिल्याला आळा बसतो. खुर्च्या किंवा दिवे घेताना ती पुष्कळ अंशी पुरते, कारण खुर्ची मोजता येते. तपासणीचे तसे नाही. तपासणीत विकत घेतला जातो तो माणसाचा वेळ आणि त्याची सचोटी.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका रुग्णालयात 8 लिफ्ट आहेत आणि प्रत्येकीची नीट तपासणी करण्यास अडीच तास लागतात असे धरू. म्हणजे 20 तासांचे, सुमारे तीन दिवसांचे काम झाले. एका बोलीदाराने तीन दिवसांच्या मेहनतान्याचा हिशेब करून दर भरला. दुसऱ्याने एका दिवसाचा. दुसऱ्याला काम मिळाले. आता त्याने एकतर पदरचे घालून तीन दिवस काम करावे किंवा एका दिवसात आठ प्रमाणपत्रे लिहावीत. निविदेत ‘8 लिफ्टची तपासणी करून प्रमाणपत्रे देणे’ एवढेच लिहिले असेल, तर त्याने करारभंगही केलेला नसतो. कागदाने मागितले ते कागदाला मिळाले.

याचा अर्थ दराची स्पर्धा वाईट असा नव्हे. काम कशाला म्हणायचे हे आधी नीट लिहिले पाहिजे, मग स्पर्धा त्या कामाची होते. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये दिलेल्या सूचनांनुसार, गुणवत्तेला महत्त्व असलेल्या कामांत आणि सेवांत दराखेरीज इतर निकषांनाही कमाल 30 टक्क्यांपर्यंत भार देण्याची वाट मोकळी झाली आहे. केवळ कमी दर हाच सरकारचा एकमेव मार्ग आहे, असे म्हणून हात झटकण्याचे कारण उरलेले नाही.

अमेरिकेतील एक पद्धत

या संदर्भात अमेरिकेतील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांचे उदाहरण उपयोगी पडते. ही रुग्णालये केंद्र सरकारच्या मालकीची असल्यामुळे राज्याच्या किंवा शहराच्या लिफ्ट-निरीक्षकाची सत्ता तेथे सामान्यतः चालत नाही. मग ही जबाबदारी रुग्णालय स्वतः निविदा काढून स्वतंत्र तपासनीसावर सोपवते. अनेकदा निविदेच्या आधी एक चौकशीची सूचना प्रसिद्ध होते. हे काम करण्यास पात्र संस्था किती आहेत, त्यांचा अनुभव काय, माजी सैनिकांनी चालवलेले छोटे उद्योग त्यांत आहेत काय, एवढेच तीत विचारलेले असते. असे किमान दोन पात्र उद्योग वाजवी दराने पुढे येण्याची अपेक्षा असेल, तर स्पर्धा त्यांच्यापुरती राखून ठेवावी लागते. 2016 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा नियम विभागावर बंधनकारक असल्याचा निर्वाळा एकमताने दिला.

तेथील लिफ्ट-संहितेची पहिली आवृत्ती 1921 ची. तिच्या परंपरेत तपासणीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. वर्षातून एकदा केबिन रिकामी ठेवून सुरक्षा-साधनांची चाचणी होते आणि दर पाच वर्षांनी पूर्ण भार ठेवून. त्या पंचवार्षिक चाचणीत ब्रेकची परीक्षा क्षमतेच्या 125 टक्के भारावर घेतली जाते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, चाचणी करतो देखभाल कंपनीचा तंत्रज्ञ आणि ती डोळ्यांनी पाहतो स्वतंत्र तपासनीस. हात एकाचे, डोळे दुसऱ्याचे. ओटिस यांनी लोकांसमोर दोर तोडून दाखवला, त्यातील साक्षीचे तत्त्वच या नियमात उतरले आहे.

तिकडची प्रत्येक गोष्ट निर्दोष आहे असे म्हणण्याचा हेतू नाही. मात्र कामाआधी पात्रतेची चौकशी, करणारा आणि पाहणारा यांतील अंतर, आणि ठरावीक काळाने होणारी भारासहित परीक्षा, या तीन गोष्टी आपल्याकडील कोणत्याही शासकीय किंवा धर्मादाय रुग्णालयाला आपल्या करारात लिहून घेता येतील.

प्रतिलेखना

आपल्या परंपरेला तपासणी ही कल्पना परकी नाही. श्वेतांबर साधू-साध्वी रोज दोन वेळा आपली वस्त्रे, पात्रे आणि उपकरणे बारकाईने न्याहाळतात. त्या क्रियेला प्रतिलेखना म्हणतात. दिगंबर मुनी वस्तू उचलताना आणि ठेवताना मोरपिच्छीने जागा झाडून, पाहून मगच ती हाताळतात. पाच समितींतील आदान-निक्षेपण समिती ती हीच. उत्तराध्ययन सूत्राच्या सव्विसाव्या अध्ययनात प्रतिलेखनेची रीत आणि तिचे दोष सांगितले आहेत. ती घाईने करणे दोष, ती करताना गप्पा मारणे दोष. आणि प्रतिलेखनेत बेसावध असणारा साधू सर्व जीवनिकायांचा विराधक ठरतो, असा तेथील आशय आहे. कालच पाहिलेले वस्त्र आज पुन्हा पाहायचे, ते नेहमीप्रमाणे निर्जीव-निर्जंतुक असणार अशी खात्री असली तरी पाहायचे. सवयीने आलेल्या खात्रीवर विसंबायचे नाही, हा या आचाराचा गाभा आहे. लिफ्टच्या तपासनिसाला यापेक्षा चांगली शिकवण कोणती देणार?

तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला अग्रस्थान दिले. आचार्य कुंदकुंदांनी प्रवचनसारात हाच विचार आणखी धारदार केला आहे. जीव मरण पावला की नाही यावर हिंसा ठरत नाही. आचरणात यत्न नसेल तर हिंसा घडलेलीच असते. हा विचार प्रमाणपत्रावरील सहीला लावून पाहावा. यंत्रखोलीची पायरी न चढता कोणी ‘ब्रेक समाधानकारक’ असे लिहिले आणि वर्षभर अपघात झाला नाही. व्यवहार त्याला निर्दोष मानील. लेखापरीक्षणातही ते बिल निघून जाईल. आपले शास्त्र मात्र त्याला सोडत नाही. अपघात न होणे हे त्या रुग्णांचे भाग्य. सहीचा दोष सही केली त्याच क्षणी लागलेला असतो.

त्याच तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा दस्तऐवज करणे, स्पष्ट सांगितली आहे. न केलेल्या तपासणीचे प्रमाणपत्र हा कूटलेखच होय. तो लिहिणारा, तो लिहिला जाईल अशा दरात काम देणारा आणि तो आहे हे ठाऊक असून फाइलला लावणारा, या तिघांनीही कृत, कारित आणि अनुमोदित यांचा अर्थ आठवावा.

आपल्या हाती काय आहे

विश्वस्त मंडळाची बैठक असो वा शासकीय समितीची, तपासणीचा करार समोर आल्यावर काही गोष्टी आग्रहाने विचारता येतात. प्रत्येक लिफ्टचा क्रमांक, प्रकार, क्षमता आणि मजले करारात वेगवेगळे नोंदवले आहेत काय? काय काय तपासायचे याची यादी आहे काय? अहवालात नुसते ‘ठीक’ न लिहिता मोजलेली मापे आणि छायाचित्रे मागितली आहेत काय? तपासनिसाचा देखभालीच्या ठेकेदाराशी आर्थिक संबंध नाही, असे लेखी निवेदन घेतले आहे काय? अहवाल ठेकेदाराच्या हातून न येता थेट रुग्णालयाच्या प्रमुखाकडे येतो काय? मोबदला तपासणीचा असावा, प्रमाणपत्राचा असू नये; लिफ्ट नापास झाली तरी तपासनिसाला त्याचे पूर्ण पैसे मिळाले पाहिजेत. दुरुस्तीनंतरच्या फेरतपासणीचा दर वेगळा ठरलेला असावा. आणि दोषांची वर्गवारी असावी: कोणता दोष दिसताच लिफ्ट तत्काळ बंद करायची, कोणता ठरावीक दिवसांत दूर करायचा, कोणत्यावर केवळ लक्ष ठेवायचे.

रुग्णालयानेही आपल्या बाजूचे कर्तव्य करारात लिहिले पाहिजे. तपासणीसाठी लिफ्ट काही तास मोकळी द्यावी लागते. शस्त्रक्रिया विभागाची लिफ्ट केव्हा द्यायची आणि तोवर रुग्ण कोणत्या लिफ्टने न्यायचे, याचे वेळापत्रक आधी ठरले नाही, तर तपासनीस दारातूनच परत जातो आणि कागद मात्र तयार होतो.

निविदा भरणाऱ्या समाजबांधवांना एवढेच म्हणावेसे वाटते की, जे काम प्रामाणिकपणे त्या दरात होणार नाही, ते घेऊ नये. एक काम हातचे जाईल. व्यापारात तोटा सोसून शब्द पाळणाऱ्या पूर्वजांच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो. त्या गोष्टींना आपल्या काळातही एखादे उदाहरण हवे.

आणि आपण, जे केवळ पाहुणे म्हणून रुग्णालयात जातो? लिफ्टमध्ये लावलेल्या परवान्यावर नजर टाकायला वेळ लागत नाही. केबिन मजल्याच्या खाली-वर थांबत असेल, दार धक्का देऊन लावावे लागत असेल, तर लिफ्टमनला, परिचारिकेला, कार्यालयाला सांगता येते. स्ट्रेचर आत जात असताना आपण मागे सरू शकतो. सर्वांत अवघड गोष्ट मात्र वेगळीच आहे. ‘तपासणीसाठी लिफ्ट बंद’ अशी पाटी दिसली की आपण चिडतो, कर्मचाऱ्यांवर आवाज चढवतो. त्या ओरड्याला भिऊन कोणी प्रमुख तपासणी पुढे ढकलतो, आणि त्या लांबणीवर आपलीही सही असते. ती पाटी दिसेल तेव्हा, पायांत बळ असेल तर, आपण शांतपणे जिना चढावा. त्या घटकेला वर यंत्रखोलीत कोणीतरी आपल्या वाटचे प्रतिलेखन करीत असेल.